आजी, दोन मुलं आणि मॉलमधलं इनडोअर पार्क: सगळ्यांचा दिवस चांगला जाईल असं कसं आखू?

अबोली

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आम्ही घरचे पाच जण दोन दिवसांसाठी एका मोठ्या मॉलला जाणार आहोत. मॉलच्या आतच, छताखाली, भलंमोठं अम्यूझमेंट पार्क आहे. राहायचं हॉटेलही मॉलला जोडूनच आहे, त्यामुळे एकदा आत शिरलो की बाहेर पडायचं कारण नाही. पाच जण म्हणजे मी, नवरा, नऊ वर्षांचा ओजस, साडेचार वर्षांची मनू आणि माझ्या सासूबाई. आई ७२ वर्षांच्या आहेत. उजव्या गुडघ्याने बेजार, बाकी तब्येत ठणठणीत.

तिकीट, बुकिंग यातलं काही विचारायचं नाहीये. मागच्या वर्षी जे झालं ते परत होऊ नये, एवढ्यासाठी लिहिते आहे.

मागच्या वर्षी अशाच एका ठिकाणी गेलो होतो. पहिल्याच राइडच्या दाराशी उंची मोजायची पट्टी होती. मनू तिच्याखाली जाऊन टाचा उंचावून, हनुवटी वर करून उभी राहिली. तिथल्या मुलाने तिच्या डोक्यावर हात ठेवून मान हलवली. तोवर ओजस बाबाबरोबर आत गेलासुद्धा. नंतरची चाळीस मिनिटं मी तिला कडेवर घेऊन रेलिंगपाशी उभी होते आणि ती माझ्या खांद्यात तोंड खुपसून रडत होती. दुसऱ्या राइडला तेच, तिसऱ्या राइडला तेच.

आणि आई? आई एका बाकड्यावर बसल्या होत्या. आमच्या सगळ्यांच्या पिशव्या, ओजसचं जॅकेट, पाण्याच्या बाटल्या त्यांच्यापाशी. आम्ही "आलोच हं" म्हणून गेलो ते अकरा वाजता, आणि त्या बाकड्यावरून त्या उठल्या तीन वाजता. सामान सोडून बाथरूमला तरी कशा जाणार? मी विचारलं तर म्हणाल्या, "माझं काय, तुम्ही फिरलात ना, झालं." रात्री त्यांच्या पायाला मलम लावताना पाहिलं तर घोट्याजवळ बोट दाबलं की खळगा राहत होता. घरी आल्यावर त्या दिवसाचे फोटो बघितले. एकशे चाळीस फोटो आणि त्यांत आई फक्त एका ठिकाणी आहेत, मांडीवर पिशव्या घेऊन.

या वेळी आई स्वतःहून "मी घरीच थांबते" म्हणाल्या. ते मला लागलं. मला त्या हव्या आहेत बरोबर, आणि बाकड्यावर नको आहेत.

मनूची उंची सध्या १०३ सेंटिमीटर आहे. शिवाय तिला मोठे आवाज अजिबात सहन होत नाहीत, घरी मिक्सर लावायच्या आधी तिला सांगावं लागतं. आई व्हीलचेअरचं नाव काढू देत नाहीत. अशा सगळ्यांना घेऊन कुणी गेलं असेल तर सांगा, दिवस कसा आखलात?

पाळणेवाला

अबोलीताई, मी अशाच एका इनडोअर पार्कमध्ये नऊ वर्षं राइड ऑपरेटर होतो. आता वेगळं काम करतो. तुमच्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवणारा तो मुलगा मीही असू शकलो असतो, म्हणून सविस्तर लिहितो.

त्या पट्टीपाशी रडणारं पोर बघून आम्हाला वाईट वाटतं. दिवसातून पन्नासदा वाटतं. पण उंचीचा आकडा मनाने ठरवलेला नसतो. मांडीवरचा बार किंवा खांद्यावरचा हार्नेस एका ठराविक मापाच्या शरीराला धरतो. त्याहून लहान मूल बारखालून सरकू शकतं, नाहीतर त्याचे पाय टेकत नाहीत आणि हात दांड्याला पुरत नाहीत. दोघांमध्ये एकच बार असलेल्या राइड असतात ना, त्यात तो बार मोठ्या माणसाच्या मांडीला लागला की थांबतो. शेजारच्या लहानग्याच्या मांडीवर तेव्हा चांगली वीतभर जागा उरलेली असते. आईबाबा म्हणतात "मी धरतो की घट्ट". गाडी वळणावर झटका देते तेव्हा हाताने कुणी कुणाला धरू शकत नाही. कृपा करून त्यावर वाद घालू नका.

आता १०३. बऱ्याच ठिकाणी ३६, ४२ आणि ४८ इंच असे टप्पे असतात, म्हणजे साधारण ९१, १०७ आणि १२२ सेंटिमीटर. मनू पहिला टप्पा पार करून बसली आहे. याचा अर्थ तिला एकटीने बसता येतील अशा राइड असतील, काही मोठ्या माणसासोबत असतील, आणि काही नसतील. ही यादी पार्कच्या साइटवर असते. घरीच बसून तिच्यासोबत वाचा. घरात तिची उंची भिंतीवर खुणेने मांडा आणि १०७ ची खूणही वर करा. "ही तुझी, ही त्या गाडीची" हे तिला घरी कळलं की दारात अपमान होत नाही. मूल नकाराने जेवढं रडतं, त्याहून जास्त ते सगळ्यांसमोर, अचानक नकार मिळाल्याने रडतं. हे मी नऊ वर्षं पाहिलंय. आणि जाड तळव्याचे बूट घालून उंची वाढवू नका, काढून मोजायला लावतात.

ओजसच्या मोठ्या राइडसाठी तिथे पोचल्यावर विचारा, आळीपाळीने बसायची सोय आहे का. अनेक पार्कांत असते. बाबा ओजसला घेऊन रांगेत जातात, तुम्ही मनूपाशी थांबता, ते उतरले की तुम्ही परत रांग न लावता बसता. विचारल्याशिवाय बहुतेक ठिकाणी कुणी सांगत नाही.

गोल फिरणाऱ्या राइडमध्ये लहान मूल आतल्या बाजूला आणि जड माणूस बाहेरच्या बाजूला बसवायचा. फिरताना आतला माणूस बाहेर ढकलला जातो. उलटे बसलात तर तुमचं सगळं वजन मनूवर येईल.

शक्य असेल तर शाळा चालू असतानाचा मधला वार निवडा आणि दार उघडायच्या आधी दारात हजर राहा. पहिल्या तासात जेवढ्या राइड होतात तेवढ्या दुपारी तीन तासांत होत नाहीत. सगळ्यात लांब रांगेची राइड आधी, आणि ती बहुधा ओजसची असेल. म्हणजे तो खूश, आणि पुढचे दोन तास तो मनूच्या मागे यायला तयार.

एक गोष्ट राहिली. एखादी राइड मध्येच बंद केली तर चिडू नका. रोज सकाळी दार उघडायच्या आधी आम्ही रिकाम्या गाड्या फिरवतो, यादी घेऊन एकेक लॉक तपासतो, सही करतो. दिवसा सेन्सरने जरा काही वेगळं दाखवलं की थांबवून परत बघतो. कॅनडातल्या वेस्ट एडमंटन मॉलमध्ये १४ जून १९८६ ला माइंडबेंडर या रोलर कोस्टरचा शेवटचा डबा रुळावरून निघाला आणि तीन माणसं गेली. मला हे काम शिकवणाऱ्या माणसाने पहिल्याच दिवशी ही हकीकत सांगितली होती. त्यानंतर प्रत्येक बार मी हाताने ओढून पाहिला, गर्दी कितीही असो.

रविवारची_सुट्टी

मी थोडं वेगळं सांगतो. गुडघा दुखणाऱ्या माणसाला मॉलमध्ये दिवसभर फिरवणं बरोबर नाही. फरशी कडक, चालणं अफाट. आजींना हॉटेलच्या खोलीत निवांत राहू द्या, संध्याकाळी जेवायला एकत्र भेटा. आम्ही वडिलांच्या बाबतीत हेच केलं आणि सगळ्यांना सोयीचं झालं.

सायलीची_आजी

मी ६९ वर्षांची आहे, अबोली, म्हणून तुला तू म्हणते.

चालणं अफाट असतं, हे वरच्या गृहस्थांचं म्हणणं खरं आहे. पण खोलीत ठेवायचं असेल तर मग घर काय वाईट होतं? मी अशी खोलीत बसलेली आहे. टीव्ही लावला, बंद केला, खिडकीतून पार्किंग पाहिलं. सोय इतरांची झाली. मी कुणाला बोलले नाही, तुझ्या सासूबाईही बोलणार नाहीत. "माझं काय" हे वाक्य आमच्या वयात आपोआप तोंडातून येतं. ते खरं धरू नकोस.

मी काय करावं म्हणते ते ऐक. पहिलं, त्यांच्या हातात एकही पिशवी द्यायची नाही. लॉकर घे. पार्कच्या दाराशी असतात. सामान जिच्यापाशी, ती राखणदार. सामान काढून घेतलंस की त्या आपोआप पाहुण्या होतात.

दुसरं, त्यांना "काय करायचंय?" असं विचारू नकोस, उत्तर "काही नाही" येईल. "मेरी-गो-राउंडवर मनूसोबत तुम्ही बसता की मी बसू?" असं विचार. मेरी-गो-राउंडवर घोड्यांच्या मधे बहुतेक वेळा एक बाकासारखा रथ असतो. त्यावर चढायला टांग टाकावी लागत नाही, एक पायरी चढून सरळ बसायचं. माझा डावा गुडघा बदललेला आहे आणि मी बसले आहे, नातीला मांडीशी घेऊन. छोटी आगगाडी असेल तर तीही चालते. फक्त पाठ-मानेचा, हृदयाचा काही त्रास असेल तर दारावरची पाटी वाचा आणि तिथे विचारा.

व्हीलचेअरबद्दल. नाव काढू नकोस. मॉलच्या चौकशी खिडकीवर मागितली की बहुतेक ठिकाणी मिळते, ओळखपत्र ठेवून घेतात. ती घे आणि नुसती बरोबर ठेव. कुणासाठी आणली ते बोलायचं नाही. पाय दुखले की माणूस आपोआप बसतं. "बसा" म्हटलं की मात्र बसत नाही, तेवढा मान आम्हालाही आहे.

कापूस_कानात

मनूच्या आवाजाबद्दल लिहिते. माझा मुलगा सात वर्षांचा आहे आणि त्यालाही हाच त्रास.

उघड्या मैदानातल्या जत्रेत आपण चार पावलं लांब गेलो की आवाज उतरतो. छताखाली तसं होत नाही, कारण काच, फरशी आणि पत्रा आवाज परत फेकतात. रोलर कोस्टरची घरघर, किंचाळ्या, गेमच्या मशिन्सची टिणटिण, वर लाउडस्पीकर, हे सगळं एकत्र होऊन कुठून येतंय तेच कळत नाही. मोठ्यांना अर्ध्या तासात सवय होते. या मुलांना होत नाही, त्यांच्यात ते साठत जातं आणि तीन वाजता एखाद्या क्षुल्लक गोष्टीवरून फुटतं. लोक म्हणतात हट्टी आहे. हट्टी नसतं ते.

मुलांचे कान झाकायचे इअरमफ मिळतात, हेडफोनसारखे दिसणारे, आवाज कमी करणारे. जायच्या आधी दोन आठवडे घरी घालून खेळू द्या, मिक्सर लावताना घाला. तिथे पहिल्यांदा घातले तर ती काढून फेकेल. आणि दर तासा-दीड तासाने तिला पार्कमधून बाहेर काढून मॉलच्या एखाद्या शांत कोपऱ्यात न्या. फर्निचरच्या दुकानांचे मजले सगळ्यात शांत असतात, हे माझं अनुभवाचं निरीक्षण. तिने कान धरायची वाट पाहू नका, घड्याळ लावा.

तुमचं हॉटेल मॉललाच जोडून आहे हे तर फारच छान. दुपारी एक ते तीन खोलीत पडदे ओढून झोप. मनूलाही आणि आजींच्या पायांनाही. पार्कात परत येता येईल असा रिस्टबँड आहे ना, तेवढं आत जाताना विचारून घ्या.

आणि पायमोजे! सॉफ्ट प्लेमध्ये मोज्यांशिवाय सोडत नाहीत. प्रत्येकाचा एक जोड बॅगेत टाका.

नकाशा

मी वास्तुरचनाकार आहे, त्यामुळे मॉलमध्ये गेलो की माझं लक्ष इमारतीकडे जातं.

पूर्ण बंदिस्त, आतलं तापमान सांभाळलेला पहिला मॉल अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मिनियापोलिसजवळ एडाइना इथे १९५६ मध्ये झाला, साउथडेल. व्हिक्टर ग्रुएन या मूळ व्हिएन्नाच्या माणसाने तो आखला. कडाक्याच्या थंडीत लोकांना एकत्र बसायला गावचौक मिळावा ही त्याची इच्छा होती. पुढे मॉलवाल्यांनी त्यातून वेगळंच काही उचललं. खिडक्या नाहीत, घड्याळं नाहीत, रस्ता वळत वळत जातो. माणूस एका कामासाठी येतो आणि विसरून भटकत राहतो. या भुलण्यालाच ग्रुएनचं नाव चिकटलं, आणि त्याला स्वतःला असले मॉल पुढे आवडेनासे झाले.

हे सांगायचं कारण, ७२ वर्षांच्या आणि साडेचार वर्षांच्या माणसाला ही भूल जास्त लागते. दुकानं सारखीच दिसतात, मजले सारखेच. सकाळी आत शिरताच सगळ्यांनी मिळून एक खूण ठरवा, जी उंच आहे आणि हलत नाही. कारंजं, मोठा जिना, मेरी-गो-राउंडचा कळस. "चुकलो तर इथे." मनूला सांगा की आईबाबा दिसले नाहीत तर जिथे आहेस तिथेच थांबायचं आणि गणवेशातल्या माणसाला सांगायचं. मनगटावर पेनाने फोन नंबर लिहा. आणि सकाळी निघतानाच दोघा मुलांचा पायापासून डोक्यापर्यंत एक फोटो काढा. घाबरलेल्या क्षणी आपल्याला मुलाच्या शर्टाचा रंग आठवत नाही.

कपड्यांचंही बघा. साउथडेलपासून थोड्याच अंतरावर मॉल ऑफ अमेरिका आहे, १९९२ चा, मधोमध सात एकरांचं पार्क. मिनेसोटाच्या हिवाळ्यातही त्या पार्कासाठी वेगळी हीटिंग फारशी लागत नाही. काचेच्या छतातून येणारं ऊन, दिवे आणि माणसांच्या अंगची ऊब पुरते. दुकानांच्या बाजूला एसीने गारठा आणि पार्कात घाम, असं होऊ शकतं. पातळ थर घाला, काढता येतील असे.

आजींना झाडांची आवड आहे का? मॉल ऑफ अमेरिकाच्या त्या पार्कात खरी झाडं आहेत आणि कीड आवरायला तिथे हजारो लेडीबग, म्हणजे ठिपकेदार छोटे भुंगे, सोडतात. तुमच्याकडच्या पार्कात खरी झाडं असतील तर आजींना ती दाखवा.

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. सायलीच्या आजी, तुमचं उत्तर वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. जाऊन आल्यावर कळवते. दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खुणा झाल्या आहेत. १०७ च्या खुणेवर मनूने फूल काढलंय.

अबोली

कालच आलो परत. कबूल केल्याप्रमाणे लिहिते.

पार्क उघडायच्या वीस मिनिटं आधी आम्ही दारात होतो. ओजसची मोठी गाडी पहिल्या अर्ध्या तासात दोनदा झाली, एकदा बाबाबरोबर, एकदा माझ्याबरोबर. आळीपाळीची सोय होती, विचारल्यावर सांगितली. त्या वेळात मनू आणि आई खाली उभ्या राहून आमची गाडी वर गेली की हात हलवत होत्या. मनूच्या कानांवर जांभळे इअरमफ होते.

मग ती पट्टी आली. मनू स्वतः पुढे गेली आणि तिथल्या मुलीला म्हणाली, "मी १०३ आहे. मी पुढच्या वर्षी येणार आहे, फक्त दाखवते." आणि पाठ टेकून सरळ उभी राहिली, टाचा खाली. त्या मुलीने वाकून नीट मोजलं आणि म्हणाली, "बरोबर, १०३." मनू तशीच वळून छोट्या आगगाडीकडे चालायला लागली. पाळणेवाले दादा, मागच्या वर्षीची ती चाळीस मिनिटं मला कधी विसरता येत नव्हती. आता ही पाच सेकंदं त्यांच्या शेजारी जाऊन बसलीत.

आईंना मी सायलीच्या आजींनी सांगितल्याप्रमाणे विचारलं, "मनूसोबत तुम्ही बसता की मी?" त्यांनी पाच-दहा सेकंद त्या फिरणाऱ्या घोड्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मीच बसते, तू तिला घट्ट धरत नाहीस." रथ होता. पहिल्या फेरीत एका हाताने मनूला आणि एका हाताने दांडा धरून, ओठ आवळून बसल्या होत्या. तिसऱ्या फेरीपर्यंत दांड्यावरचा हात सुटला होता आणि पदर सावरत आम्हाला शोधत होत्या. थांबल्यावर मनूच्या आधी त्यांनीच विचारलं, परत बसता येतं का.

व्हीलचेअर घेतली, कुणासाठी ते बोललो नाही. सकाळभर आईंनी ती स्वतः ढकलली, आत मनूला बसवून. "पोरीचे पाय दुखतील" म्हणाल्या. ढकलताना त्यांना आधारही होत होता, हे मला नंतर लक्षात आलं. दुपारची झोप झाल्यावर चारच्या सुमारास मनू उतरून ओजसमागे पळाली, आणि मी मागे वळून पाहिलं तर आई खुर्चीत बसलेल्या होत्या. कुणी काही बोललं नाही. नवऱ्याने नुसता मागचा ब्रेकचा खटका काढला आणि चालायला लागला.

दुसरा दिवस मात्र तेवढा चांगला गेला नाही. शनिवार होता, गर्दी फार होती, डॅशिंग कारच्या रांगेतच पाऊण तास गेला आणि घड्याळ लावायचं मी विसरले. मनू एका गेमच्या मशिनसमोर जमिनीवर बसून कान धरून रडली. फर्निचरचा मजला शोधला, खरंच शांत होता. एका सोफ्यावर वीस मिनिटं बसलो, दुकानातल्या बाईंनी काही विचारलं नाही. पुन्हा गेलो तर एकच दिवस जाऊ आणि मधल्या वारी जाऊ.

रात्री मलम लावायला बसले तेव्हा घोट्याजवळ दाबून बघितलं. थोडी सूज होती, खळगा पडत नव्हता.

पाळणेवाले दादा, एक निरोप आहे तुम्हाला. आगगाडीवर एक मुलगी प्रत्येक डब्याचा बार हाताने ओढून बघत होती, रिकाम्या डब्याचासुद्धा. आईंनी तिला विचारलं, रिकाम्याचा कशाला? ती म्हणाली, सवय राहावी म्हणून. तुमच्याबद्दल मी आईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, त्या दादांना कळव, अजून बघतात म्हणून.